मृगापासून जानेवारीपर्यंत: गावातून मॅरेथॉनची तयारी

मॅरेथॉनची तयारी आपल्याकडे विदर्भात मृग लागल्यावर सुरू करावी, एप्रिल-मेमध्ये कधीच नाही. पारा पंचेचाळीसच्या घरात असतो त्या दिवसांत पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असतात, आणि नवख्या माणसाची सगळी ताकद ऊन सोसण्यातच जाते. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीत असते, आणि आपल्या भागात धावायला हिवाळाच खरा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली तर हातात सात महिने मिळतात. पेरणीच्या सोबतच आपलंही वर्ष सुरू होतं.

हे गणित मला आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी शिकवलं. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले, १९१४ सालची ती संस्था. निवृत्त झाल्यावरही रोज पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीच्या पोरांना पळवतात आणि कुणाकडून एक रुपया घेत नाहीत. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, घरी कपाशी आणि तूर आहे. तिशी उलटल्यावर मी धावायला लागले ती त्यांच्यामुळे. बाईमाणूस पहाटे रस्त्यावर पळायला लागलं की चार तोंडं बोलणारच. सरांनी त्यावर भाषण दिलं नाही, पहिले काही आठवडे काकूंना माझ्यासोबत फिरायला पाठवलं. काकू सोबत आहेत म्हटल्यावर कुणाला बोलायला जागाच उरली नाही. पुढे जे लिहिते आहे त्यातलं बरंचसं सरांचं आहे, थोडं डॉक्टरांना विचारून घेतलेलं आणि थोडं स्वतः धावून कळलेलं.

आधी अंतर नीट समजून घ्या. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला आणि १९२१ मध्ये कायमचा ठरला. नागपूरहून वर्ध्याला पायी निघालात तर निम्म्या वाटेच्याही पुढे जाल, इतकं ते अंतर आहे. अर्धी मॅरेथॉन २१ किलोमीटरच्या जरा वर. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी अर्धीच धावावी आणि पूर्ण दुसऱ्या वर्षी. हाडं आणि स्नायूबंध दमापेक्षा फार सावकाश तयार होतात. चार महिन्यांत छाती साथ द्यायला लागते, पण पायाची नळी आणि टाच मागेच राहतात. घाई करणाऱ्यांची दुखणी तिथूनच निघतात. मोठ्या शर्यतींत पूर्ण अंतराच्या नोंदणीसाठी अनेकदा आधीच्या शर्यतीतल्या वेळेचा दाखलाही मागतात, तो अर्ध्या मॅरेथॉनमधून मिळतो.

सगळ्यात आधी दवाखाना

बूट घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चढ चढताना छातीत दाटून येत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून डॉक्टरांशी बोला.

आपल्या भागात आणखी एक तपासणी मी आग्रहाने सांगते: सिकलसेल. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. रुग्णाला तो बहुधा लहानपणीच कळतो, पण जो नुसता वाहक आहे, म्हणजे ज्याला हा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आला आहे, त्याला बहुधा आयुष्यभर काही जाणवत नाही. धावताना मात्र वाहकाला जपावं लागतं. उन्हात, अंगात पाणी कमी असताना, जोर लावून पळाल्यावर वाहकाचे स्नायू अचानक निकामी होऊन जीवावर बेतू शकतं. असे प्रसंग विरळ असतात आणि बहुतेक वेळा टाळता येतात. वाहक असलात तर धावणं बंद करायचं कारण नाही. वेग हळूहळू वाढवायचा, पाणी पीत राहायचं, उन्हात धावायचं नाही, आणि मांड्या-पोटऱ्या एकाएकी ढिल्या पडून दुखायला लागल्या तर तिथेच थांबायचं. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेल आहे त्याने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरुवातच करू नये. साधी रक्ततपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते. सर मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी हेच विचारतात, "रक्त तपासलं का बे?"

बायांनी हिमोग्लोबिनकडे जास्त लक्ष द्यावं. १२ च्या खाली असेल तर तयारी सुरू करण्याआधी ते वर आणा. नाहीतर दम लागतो तो सराव नाही म्हणून लागतो की रक्त कमी आहे म्हणून, हेच कळत नाही. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा केंद्रात मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्यासोबत घेतल्या तर चांगलं.

बूट आणि कपडे

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, दिवसभराच्या कामाने पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. महागडे लागत नाहीत, पण 'रनिंग'चेच असावेत. कॉलेजात मिरवायचे जाड तळाचे किंवा भरतीच्या पोरांचे खिळ्यांचे बूट लांब पल्ल्याला चालत नाहीत. एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते. पावसात भिजले तर उन्हात वाळवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवा.

सर नेहमी शिवनाथ सिंग यांची गोष्ट सांगतात. बिहारच्या बक्सर भागातल्या खेड्यातला हा माणूस अनवाणी धावण्यासाठी ओळखला जायचा. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून जास्त काळ अबाधित राहिला. गोष्ट संपली की सर लगेच बजावतात, त्यांचे पाय लहानपणापासून तयार होते, तुमचे नाहीत, बूट घाला.

कपडे घामाने चिकटणार नाहीत असे घ्या. सुती बनियन लांब पल्ल्याला काखेत आणि मांड्यांत घासतं. तिथे खोबरेल लावलं तरी काम भागतं. बायांनी घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, पहिल्या दिवसापासून. वर सलवार-कुर्ता असला तरी काही बिघडत नाही, फक्त ओढणी घरी ठेवा.

हळू धावायला शिकणं

नवख्यांना सर्वात जड जाते ती हीच गोष्ट, म्हणून इथे जरा थांबते.

गावात धावणं म्हणजे भरती. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, सैन्यात १.६ किलोमीटर. ते काही मिनिटांत संपतं, म्हणून छाती फुटेस्तोवर पळायची सवय लागते. त्यासाठी ती बरोबरही आहे. मॅरेथॉनचं काम वेगळ्या इंधनावर चालतं. ६० किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने ६० किलोकॅलरी लागतात, म्हणजे पूर्ण अंतराला अडीच हजार. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार किलोकॅलरी पुरेल इतकीच असते. जितकं जोरात धावाल तितकी ती भराभर संपते. हळू धावलात तर शरीर चरबीही वापरतं आणि साखर वाचते. जोरात निघालेला धावपटू ३० किलोमीटरच्या पुढे एकाएकी का ढेपाळतो, त्याचं मोठं कारण हेच. हळू धावण्याच्या सरावाने बारीक रक्तवाहिन्या वाढतात, स्नायू चरबी वापरायला शिकतात आणि दुखापतीही कमी होतात.

हळू म्हणजे किती? सर सायकल घेऊन बाजूने चालतात आणि मध्येच विचारतात, "कायची भाजी केली व काल?" पूर्ण वाक्यात उत्तर देता आलं तर वेग बरोबर. "वांग्याची" एवढंच बोलून धाप लागली, तर त्यांचा हात खाली होतो. "बोलता येत नाई त पयू नको, चाल." घड्याळ, मोबाइल, नाडी मोजायचा पट्टा काही लागत नाही. एकटे असाल तर स्वतःशीच मोठ्याने अभंगाच्या दोन ओळी म्हणून बघा. आठवड्यातलं चार-पंचमांश धावणं याच वेगाने व्हायला हवं. मनात येईल की यात काय कष्ट झाले, आणि भरतीची पोरं हसत पुढे निघून जातील. जाऊ द्या.

पहिलं वर्ष

सुरुवातीचे दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास नुसतं भरभर चाला. त्यानंतर आठवड्यातून चार दिवस दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं अर्धा तास. दर आठवड्याला धावण्याचं मिनिट वाढवा, चालण्याचं कमी करा. पोळ्यापर्यंत न थांबता पाच किलोमीटर जमायला लागतात. जमले नाहीत तर आणखी दोन आठवडे घ्या, काही बिघडत नाही. त्यानंतर फक्त रविवारचं अंतर वाढवायचं, दर आठवड्याला एक-दीड किलोमीटर, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं. दिवाळीच्या सुमारास १२-१४ किलोमीटर आले की जानेवारीची अर्धी मॅरेथॉन आवाक्यात आली.

अंतर मोजायला राज्य रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड पुरतात. मैदानाचा फेरा एकदा टेपने मोजून घेतला की कायमचं काम होतं.

दुसरं वर्ष, पूर्ण अंतर

पावसाळाभर आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर टिकवून ठेवा आणि सप्टेंबरच्या मध्यापासून अठरा आठवडे मोजा. मंगळवारी सहा ते आठ किलोमीटर हळू. गुरुवारी आठ ते दहा, त्यातले मधले तीन-चार जरा जोराने, दोन-तीन शब्दच बोलता येतील अशा वेगाने. शनिवारी पाच, पाय मोकळे करायला. रविवारी लांब पल्ला.

रविवारचे आकडे आमच्याकडे असे असतात: १४, १६, १८, मग १३ वर उतरायचं. १८, २०, २२, परत १६. २२, २४, २६, परत १८. मग २८, ३०, मध्ये २०, आणि शेवटी ३२. हे ३२ शर्यतीच्या तीन आठवडे आधी येतात. त्यानंतर २०, मग १२, आणि पुढच्या रविवारी शर्यत. सरावात ४२ धावून बघायचा मोह होतो, तो आवरा. त्यातून सावरायलाच दोन-तीन आठवडे जातात आणि शर्यतीला थकलेले पाय घेऊन उभं राहावं लागतं. आठवड्याची बेरीज पन्नास-पंचावन्नच्या फार पुढे नेऊ नका.

हे वेळापत्रक शहरातल्या माणसासाठी जसंच्या तसं चालेल. आपल्याला त्यात शेत बसवावं लागतं. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी असते, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी. दिवसभर वाकून वेचणी केल्यावर कंबर आणि मांडीचा मागचा भाग भरून येतो. तेही शरीरावरचं ओझंच आहे, म्हणून त्या दिवशीचं मधलं धावणं सरळ काढून टाका. रविवार मात्र सोडू नका, मजुरांची वेळ त्यानुसार पुढेमागे करा. आठवड्यातले दोनच दिवस मिळाले तर एक गुरुवारचा घ्या आणि एक रविवारचा. आजारपणाने किंवा लग्नाने आठवडा गेला तर तो नंतर भरून काढायला जाऊ नका, जिथे आहात तिथून पुढे चला.

ताकदीसाठी वेगळी जिम नको. आठवड्यातून दोनदा बैठका, पायरीवर टाचा वर-खाली करणं, आणि एका पायावर उभं राहणं, वीस मिनिटांत होतं.

रस्ता आणि जनावरं

पावसाळ्यात पांदण रस्ता विसरा. काळी माती बुटाला किलोभर चिकटते, घोटा मुरगळतो आणि साप असतात. डांबरी रस्ता किंवा मैदान बरं. थंडीत पांदण आणि कालव्याकडेचा रस्ता सर्वात चांगला, पायाला मऊ आणि गाड्या नाहीत. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूने धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात पाठीवर चमकणारी पट्टी आणि हातात बॅटरी हवीच. कानात गाणी लावू नका. समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत दिसला तरी तो पायी माणसांसाठी नाही.

अंधारात वाट सोडून कुणाच्याही वावरात शिरू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारेत वीज सोडलेली असते, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. बोर, ताडोबा, पेंच, मेळघाट या जंगलांच्या कडेला गाव असेल तर उजाडल्याशिवाय निघू नका आणि एकटे तर नाहीच. कुत्रं मागे लागलं की धावणं थांबवून त्याच्याकडे तोंड करून हळूहळू चालत निघा. पळालात की ते येणारच.

खाणं-पिणं

ज्वारीची भाकर, वरण-भात, पिठलं, अंडी, ताक, हिरवी भाजी, जवसाची चटणी. यापलीकडे काही विकत आणायची गरज नाही. डबाबंद पावडरींवर पैसे घालवू नका. धावणं वाढलं की भूक वाढते, तेव्हा जास्त जेवा. लांब धावण्याच्या आदल्या रात्री भात किंवा भाकर नेहमीपेक्षा जास्त, तिखट-तेलकट कमी, सावजी रस्सा तर नकोच. सकाळी निघण्याआधी एक केळ आणि अर्धा कप चहा चालतो.

दीड तासापेक्षा जास्त धावायचं असेल तर वाटेत खायला शिका. तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जायला हवी. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळते, आणि सुपारीएवढ्या दोन-तीन गुळाच्या खड्यांत जवळपास तेवढीच. शेंगदाणे धावताना नकोत, पचायला जड पडतात, परत आल्यावर खा. पोटाला ही सवय लावावी लागते, म्हणून शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालू नका.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, ती पेल्यात ओतून पिऊ नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तहान लागली की प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी पिणंही धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात कुणी धावताना असंबद्ध बोलायला लागला, लडखडला, अंग भट्टीसारखं तापलं, तर सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.

दुखणं

दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि चाललं की मोकळ्या होत असतील, तर तो सरावाचा भाग. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं हाडावर दुखत असेल, धावताना वाढत असेल, तर थांबा. आठवडाभर धावू नका, तरीही राहिलं तर दाखवा. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावायला जाऊ नका. आपल्याकडे ही सवय फार आहे. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन यांसारख्या गोळ्या घेऊन, अंगातलं पाणी कमी असताना तासन्‌तास धावलं की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

सर कुठे शोधायचे

प्रत्येक तालुक्यात असा कुणीतरी असतो: पीटीचे शिक्षक, फौजेतून परतलेला माणूस, भरतीची बॅच घेणारा. त्याने मॅरेथॉन धावलेली असलीच पाहिजे असं नाही. तो तुम्हाला थांब म्हणू शकतो का, हे पाहा. नुसता "अजून जोरात" म्हणणारा लांब पल्ल्याला उपयोगी नाही. त्याच्याकडे जाताना एक शंभर पानी वही घेऊन जा. माझ्या वहीत रोज चार गोष्टी असतात: किती धावले, किती झोपले, काय दुखलं, भाजीचं उत्तर देता आलं की नाही. सर रविवारी ती वाचतात, लाल पेनाने कुठेतरी "आराम" लिहितात आणि मी तो घेते. कितीदा तरी वाटलं की यावेळी नको ऐकूया. पण पोरांना इतकी वर्षं पळवलेल्या माणसाला माझ्या झोपेच्या आकड्यांत जे दिसतं ते मला उत्साहात दिसत नाही.

मुंबईची शर्यत

नोंदणी काही महिने आधीच भरते, तारखेवर लक्ष ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विदर्भ एक्सप्रेस आणि सेवाग्राम एक्सप्रेस दोन्ही थेट सीएसएमटीला जातात. शर्यतीचा नंबर आधीच्या दिवसांत घ्यावा लागतो, त्या पहाटे मिळत नाही, म्हणून शुक्रवारी रात्रीच निघा आणि शनिवारी पाय न थकवता काम उरका. मुंबई बघायची तर शर्यतीनंतर.

आपल्याला तिथली दमट हवा त्रास देते. कोरड्या थंडीत सराव केलेलं अंग तिथे घामाने भिजतं आणि घाम वाळत नाही. पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा मुद्दाम हळू जा. पाच तासांत पूर्ण करायचं असेल तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद, साडेचार तासांसाठी ६ मिनिटं २४ सेकंद. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, तिथे चालत गेलात तरी हरकत नाही. प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन घोट घ्या, तहान नसेल तर सोडा. छातीत दुखलं, डोकं हलकं झालं, तर पदकाचा विचार न करता बाजूला व्हा.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. अर्ध्या तासाच्या आत काहीतरी खारट आणि काहीतरी गोड खा. परतीच्या गाडीत खालचा बर्थ घ्या, वरच्या बर्थवर चढणं त्या रात्री जमत नाही. पुढचा आठवडा फक्त चालणं, त्यानंतरच्या आठवड्यात वीस मिनिटांचं हळू धावणं, आणि तुरीची कापणी असेल तर पहिले तीन-चार दिवस दुसऱ्या कुणाला सांगा. पायाचं नख काळं पडलं असेल तर ते ओढून काढू नका, नवीन आलं की जुनं आपोआप सुटतं.